ऐंशीच्या पुढचे

संयोजक बाईंनी माझा पेन ड्राइव्ह माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाल्या, "हा नाही लागणार हो. तुम्ही नुसतं बोला. मनातलं."

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहात चर्चासत्र होतं. विषय उच्च शिक्षण आणि सामाजिक न्याय. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव होतं आणि नावापुढे माझ्या पेपरचं शीर्षक होतं. पाच वर्षं ज्या तक्त्यांवर घालवली ते सगळे त्या पेन ड्राइव्हमध्ये होते. सकाळी कोपरहून निघताना मी ते दोनदा उघडून बघितले होते. ऐनवेळी फाइल उघडली नाही तर दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लोक म्हणतात, मशीन खराब आहे. माझ्या बाबतीत म्हणतील, हिला येत नाही.

अध्यक्ष माझ्याच गाइड मॅडम होत्या. माझ्या आधी त्यांच्याच हाताखालचा एक मुलगा वीस मिनिटं पेपर वाचून गेला होता. पडद्यावर आलेख दाखवत. त्याला कुणी सांगितलं नाही की मनातलं बोल.

मॅडमनी माईक घेतला. त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

"वेळ जरा कमी आहे. आणि आकडे आपण खूप ऐकले. आता माझी ही विद्यार्थिनी, स्वतः त्या समाजातून आलेली, तिचा अनुभव सांगेल. दहा मिनिटं. मनापासून ऐका."

त्या समाजातून. कुठल्या, ते नाही सांगितलं. सगळ्यांना बरोबर कळलं.

माईकपर्यंत सात-आठ पावलं होती. तेवढ्यात मी काय काय ठरवलं. म्हणावं, मॅडम, माझा पेपर आहे. पडदा आहे, मशीन आहे, पत्रिकेत नाव आहे. मग डोक्यात आलं, प्रबंधावर सही यांचीच लागणार. सही नाही तर प्रबंध नाही. माईकजवळ पोचले आणि अनुभव सांगितला.

चांगला सांगितला. त्याचाच मला जास्त राग आहे.

तो अनुभव इथेही सांगावा लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पण तिथे जो भाग मी गाळला, तो आधी सांगते. रोल नंबरचा.

मी बी.ए. डोंबिवलीत केलं. आमच्या कॉलेजात रोल नंबर प्रवेशाच्या याद्यांप्रमाणे पडायचे. आधी ओपनची यादी, मग राखीव जागांची. ऑफिसात दोन्ही याद्या एकीखाली एक लावायचे आणि नंबर टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे वर्गात ऐंशीपर्यंत एक मुलं आणि ऐंशीच्या पुढे दुसरी. मला खरं तर ओपनच्या यादीत बसण्याइतके मार्क होते. पण मी फॉर्मला जातीचा दाखला जोडला होता, म्हणून माझा फॉर्म दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. माझा नंबर सत्त्याण्णव पडला.

कॉलेजात कुणी कुणाला जात विचारत नसे. गरजच नव्हती. कॅन्टीनमध्ये नवीन मुलीशी बोलताना विचारायचे, "रोल नंबर काय गं तुझा?" सांगितला की चेहऱ्यावर काहीतरी व्हायचं आणि लगेच पुसलं जायचं. आमचे एक सर हजेरी घेताना ऐंशीपर्यंत नावं घ्यायचे. पुढे घाई व्हायची त्यांना. मग नुसते नंबर. तीन वर्षांत त्या माणसाने एकदाही माझं नाव उच्चारलं नाही. आणि आम्हीसुद्धा एकमेकांना तसंच ओळखायचो. "ऐंशीच्या पुढचा आहे का रे तू?" म्हणत हसायचो आणि एकत्र बसायचो.

तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असायचा आणि त्यावर तोंडी परीक्षा. मी प्रोजेक्ट केला होता कोपरच्या खाडीतून रेती काढणाऱ्या कामगारांवर. दोन महिने खाडीवर जात होते. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाच्या कानाचा पडदा फाटलेला, कोण किती खोल बुडी मारतो, सगळं लिहिलं होतं. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून मी ते तीन वेळा पुन्हा लिहून काढलं होतं. मला विषय येत होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, येत होता म्हणून सांगते.

बाहेरचे परीक्षक आले होते, ठाण्याहून. पांढरे केस, खादीचा कुर्ता, बोलणं मऊ. त्यांच्यासमोर नंबर आणि नावांची यादी होती. ऐंशीच्या खाली पेन्सिलने एक रेघ मारलेली मला उलट्या बाजूने दिसली.

"सत्त्याण्णव," ते म्हणाले. "वडील काय करतात?"

"नाहीत, सर."

"आई?"

"कोलशेतला कंपनीत आहे. पॅकिंगला."

"घरात कुणी शिकलेलं?"

"मीच, सर."

"बरं, बरं. हा प्रोजेक्ट कुणी लिहून दिला?"

"मी लिहिलाय, सर."

त्यांनी चार पानं उलटली. मग हसून म्हणाले, "मराठी छान आहे गं तुझी. आडनावावरून वाटत नाही."

रेतीवर एक प्रश्न नाही. खाडीवर नाही. पद्धतीवर नाही. फाइल मिटून ते म्हणाले, "जा. काळजी करू नको. पास होशील."

मी म्हटलं, "थँक्यू, सर."

लेखी परीक्षेत मी वर्गात तिसरी आले आणि तोंडीत काठावर पास. घरी आईने विचारलं, असं कसं गं? मी म्हटलं, घाबरले असेन. मला खरंच तसं वाटलं होतं. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले की मला बोलता येत नाही.

रोल नंबर सोडून हे सगळं मी ठाण्याच्या त्या सभागृहात सांगितलं. 'थँक्यू, सर'पाशी आवाज जरा कापला, तो मी कापू दिला. पुढच्या रांगेत एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, "तुम्ही हे कवितेत का नाही मांडत?" दुसरे एक निवृत्त प्राध्यापक उठून म्हणाले, "प्रश्न नाही, नुसतं कौतुक. तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत."

नऊ वर्षांनी तेच वाक्य. या वेळी मायेने.

तक्त्यांबद्दल कुणी विचारलं नाही. त्यांना ते आहेत हेच माहीत नव्हतं. जेवणाच्या रांगेत मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, आकड्यांनी हे झालं असतं का?"

मी म्हटलं, "नाही, मॅडम." ताटात काय वाढलं होतं ते आठवत नाही, पण 'नाही, मॅडम' आठवतं.

माझं संशोधन फार साधं आहे. लेखी पेपर तपासणाऱ्याला मुलाचं नाव माहीत नसतं, नंबरही नसतो. उत्तरपत्रिकेवर फक्त एक सांकेतिक आकडा. तोंडी परीक्षेत मुलगा समोर बसतो, त्याचं आडनाव समोर असतं, यादीतली जागा समोर असते. मुलं तीच, वर्ष तेच, विषय तोच. मग लेखीचे मार्क आणि तोंडीचे मार्क शेजारी शेजारी ठेवायचे आणि बघायचं, कुणाचे कुठे घसरतात. बस. यासाठी पाच वर्षं लागली, कारण जुनी मार्कांची रजिस्टरं कुणी दाखवत नाही.

ठाणे, कल्याण, सगळीकडे अर्ज केले. कुणी नाही म्हणालं नाही. अर्ज ठेवून घ्यायचे आणि विसरून जायचे. शेवटी माझ्याच जुन्या कॉलेजात प्राचार्यांची सही मिळाली. नाव कुठेही येणार नाही, असं लिहून द्यावं लागलं. तिथे हेड क्लार्क होते परबकाका. मूळचे मालवणकडचे, निवृत्तीला वर्ष उरलेलं. त्यांनी लोखंडी कपाट उघडून दिलं आणि म्हणाले, "बघ बाय, भायेर न्यायचं नाय काय. हितंच बसून उतरव."

चार महिने मी त्या खोलीत बसून हाताने आकडे उतरवले. परबकाका चहा पाठवायचे, कधी स्वतः घेऊन यायचे. मी त्यांना आवडायचे. मलाही ते आवडायचे, उगीच खोटं का बोलू. एकदा चहा ठेवताना त्यांची नजर माझ्या कागदावर गेली.

"ह्या याद्या मीच लावायचो," ते म्हणाले. "वरसून गठ्ठे येत तसेच लावायचे. आधी एक गठ्ठो, मग दुसरो."

"कधी बदलावं असं नाही वाटलं, काका?"

"कोण बोललाच नाय कधी."

"बोललं असतं तर?"

"तर लावल्या असत्या एबीसीडीप्रमाणे. माझं काय जातंय?"

ते कप घेऊन निघून गेले. एबीसीडीप्रमाणे. एका दुपारचं काम. शिव्या देणारा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

रजिस्टरांत जे होतं ते होतं. लेखीत मार्क सगळीकडे पसरलेले, कुठले चांगले, कुठले वाईट, वर आणि खाली सारखेच. तोंडीच्या कागदावर ऐंशीपर्यंत सढळ मार्क आणि ऐंशीनंतर एकदम घसरण. एका वर्षी नाही. दर वर्षी. आणि तोंडीच्या त्या कागदांवर, दरसाल वेगळ्या परीक्षकाच्या हाताने, ऐंशीच्या खाली तीच पेन्सिलची रेघ. कुणी पट्टीने मारलेली, कुणी हाताने. या माणसांनी आपसात काही ठरवलं नव्हतं. बहुतेक एकमेकांना ओळखतही नसतील.

माझा सत्त्याण्णव मला सापडला. लेखी तिसरी. तोंडी, काठावर. माझ्या वर-खाली सगळे काठावर. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी घाबरले नव्हते. मला बोलता येत होतं. इतकी वर्षं मी एका खोट्यावर विश्वास ठेवून जगले होते आणि ते खोटं मीच मला सांगितलं होतं.

हे माझं चौथं प्रकरण. बाकीची पाच प्रकरणं कुणीही लिहू शकेल.

ठाण्याच्या त्या चर्चासत्रानंतर दोन आठवड्यांनी मी बाळकुमला नितीनकडे गेले. नितीन माझ्यानंतरच्या बॅचचा, त्याच कॉलेजातला, रोल नंबर एकशे चार. माझ्या संशोधनासाठी मी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांतला एक. लेखीत हुशार. तोंडीत मार्क कापले म्हणून टक्केवारी घसरली, एम.ए.च्या पहिल्या यादीत नाव लागलं नाही, आणि पुढच्या याद्यांची वाट बघायला घरची परिस्थिती नव्हती. आता बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या सोसायटी ऑफिसात सुपरवायझर आहे. लिफ्ट बंद पडली की लोक त्याच्यावर ओरडतात.

मी त्याची मुलाखत टाइप करून नेली होती, त्याने वाचून बरोबर आहे म्हणावं म्हणून. सोबत त्याच्या वर्षाचा तक्ताही होता. त्यात नावं नव्हती, फक्त क्रमांक. त्याचा क्रमांक त्याला माहीत होता. त्याने मुलाखत वाचली, मान डोलावली, मग तक्ता हातात घेतला आणि स्वतःला शोधू लागला. पहिलं पान उलटलं. दुसरं. तिसरं. शेवटच्या पानावर खाली बोट टेकवलं.

"ताई, एक विचारू? राग नको मानूस."

"विचार ना रे."

"हितं पण आम्ही शेवटच्या पानावर का?"

मी म्हटलं, "अरे, ते कॉलेजच्या यादीप्रमाणे आहे."

"हां," तो म्हणाला. "तेच बोलतोय मी."

मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि बघितला. इतके दिवस बघत होते तोच कागद. रजिस्टरात जसं होतं तसं मी उतरवलं होतं, आणि उतरवलं तसेच क्रमांक दिले होते. ओपनवाले एकपासून, आमची मुलं शेवटी. वरच्या गटाचं नाव होतं 'खुला' आणि खालच्या गटाचं 'इतर'. इतर. हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. मी लिहिला होता, माझ्या हाताने. मॅडमना खटकला नाही, प्रबंधाच्या समितीला खटकला नाही, मलाही नाही. परबकाका निवृत्त झाले होते आणि त्यांचं काम मी पुढे चालवत होते. फुकटात.

नितीन अजून संपला नव्हता. "तुझा तो ठाण्याचा व्हिडिओ आलेला ग्रुपवर. भारी बोललीस. माझी आई तर रडायलाच लागली."

"मग?"

"मी वाट बघत होतो ना. मला वाटलेलं तू आमच्या तोंडीचं बोलशील. मार्कांचं. तू बोललेलीस ना मुलाखतीला, की हे सगळ्यांसमोर मांडणार म्हणून. म्हणून तर मी सगळं सांगितलेलं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, कुठल्यातरी मजल्यावर पाणी येत नव्हतं. तो उठला. जाताना म्हणाला, "चहा पिऊन जा, ताई." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, काहीतरी कारण सांगितलं असतं. त्याच्या टेबलावर मी एकटीच बसले आणि मला माझी लाज वाटली. स्वच्छ सांगते, लाज वाटली. मी दहा मिनिटांत माझी गोष्ट विकून आले होते आणि या सगळ्यांचे मार्क पर्समध्ये ठेवून परत आणले होते.

घरी येऊन मी सगळे तक्ते मोडले. प्रत्येक वर्षाची मुलं नव्याने लावायला घेतली, लेखीच्या मार्कांप्रमाणे. ज्या मार्कांना जात माहीत नव्हती त्यांच्याप्रमाणे. कॉम्प्युटरला एका बटणाचं काम आहे हे मला माहीत आहे. पण माझ्या हाताने झालेली चूक मला हातानेच काढायची होती, शिवाय मूळ उताऱ्याशी एकेक आकडा ताडून बघायचा होता. आई मदतीला बसली. ती सातवी शिकलेली, आता घरीच असते. तीस वर्षं खोक्यांवरचे नंबर बघून खोकी लावलेली बाई, तिची नजर चुकत नाही. ती आकडे वाचायची, मी लिहायचे. आठ दिवस लागले.

नितीनच्या वर्षाचा तक्ता झाला तेव्हा तो पहिल्या पानावर आला. तिसऱ्या ओळीत. त्याच्या वर एक मुलगी रोल नंबर सहाची, आणि तिच्या वर एक रोल नंबर एकशे अकराचा. त्याखाली बावीस, नव्वद, चौदा, एकशे नऊ. सगळे मिसळलेले. जसे वर्गात बाकांवर कधी बसले नाहीत तसे. शेजारच्या रकान्यात तोंडीचे मार्क. आता डोळ्यांना कळत होतं की एकाच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्याला कुठे ढकललंय.

आई पट्टी हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "आता रेघ कुठं मारतील गं ते?"

मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितला. रेघ मारायला जागाच नव्हती.

त्यानंतर महिन्याने मॅडमच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. प्रबंध सादर करण्याआधीची शेवटची चर्चा. मॅडम वाईट नाहीत, हे मला सांगायलाच हवं, कारण सगळे मला तेच सांगतात. मी आजारी पडले तेव्हा त्या डबा घेऊन कोपरला आमच्या घरी आल्या होत्या. आईच्या हातचं जेवल्या होत्या. आणि नंतर दोन भाषणांत त्यांनी ते सांगितलं होतं.

माझा नवा तक्ता त्यांनी बाजूला ठेवला. "चौथं प्रकरण काढ."

"का, मॅडम?"

"कॉलेज ओळखू येतं. तुझे ते परीक्षक ओळखू येतात. मी ओळखते त्यांना. फार चांगला माणूस आहे. आयुष्यभर तुमच्यासाठी काम केलंय त्यांनी."

तुमच्यासाठी.

"प्रबंधात कुणाचं नाव नाही, मॅडम. कॉलेजचं पण नाही."

"तरी. त्यापेक्षा असं कर. तो ठाण्याला सांगितलास तो अनुभव परिशिष्टात घाल. जोरदार आहे तो. मी स्वतः समितीला सांगीन, हा या प्रबंधाचा आत्मा आहे."

मी विचार केला नाही, असं म्हणणं खोटं होईल. विचार केला. फेलोशिप संपलेली. कल्याणच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, वर्ष संपलं की उद्याचं काही सांगता येत नाही. एक सही, आणि नावामागे डॉक्टर. आईने वस्तीत कितीजणांना सांगून ठेवलंय. सगळं डोळ्यांसमोर आलं. मग शेवटच्या पानावर टेकवलेलं नितीनचं बोट आलं.

"मॅडम, अनुभव नको. चौथं प्रकरण राहू द्या."

पाच वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

"तू भावनेच्या भरात बोलतेयस."

"भावना मी बाहेर ठेवतेय, मॅडम. तुम्हीच घाल म्हणताय."

"मग माझी सही मिळायची नाही."

"बरं."

बरं एवढंच म्हटलं. थँक्यू म्हटलं नाही. कागद गोळा केले, एक टाचणी खाली पडली होती ती उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि बाहेर आले. शौर्यबिर्य काही वाटलं नाही.

गाइड बदलून मिळावा म्हणून मी विद्यापीठात अर्ज केला. आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला. त्याला सात महिने झाले. दर सोमवारी जाऊन विचारते. खिडकीतला माणूस आता मला बघितलं की मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवतो. ज्यांना विचारलं त्या दोन प्राध्यापकांनी विषय चांगला आहे म्हटलं आणि जागा नाही म्हटलं. मॅडम सगळ्यांना सांगतात, "ती बदलली. किती गोड मुलगी होती." माझ्या बाजूने बोलणारी माणसं मला बाजूला घेऊन हळूच सांगतात, अगं आधी डिग्री पदरात पाडून घे, मग काय छापायचं ते छाप. ही माणसं माझं भलंच चिंततात. पण मी हिशोबाने गप्प बसले की काय होतं ते मी ठाण्यात बघितलंय. गप्प बसायची सवय डिग्री मिळाल्यावर सुटत नाही.

आईला मी सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "मला डॉक्टरची आई म्हणवून घ्यायचं होतं गं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्या पोराला परत खाली नको टाकूस."

गेल्या आठवड्यात कल्याणहून एका संस्थेचा फोन आला. बोलणारे गृहस्थ फार नम्र होते.

"आमच्याकडे अनुभवकथनाचं सत्र आहे. तुमचं नाव सुचवलंय. ठाण्याला सगळ्यांना रडवलंत म्हणे."

"पडदा आहे का हॉलमध्ये?"

"पडदा? कशासाठी?"

"तक्ते दाखवायचेत. पेपर वाचीन. वीस मिनिटं लागतील."

"नाही, म्हणजे, आमच्या श्रोत्यांना ना, आकड्यांपेक्षा..."

"मग नको," म्हटलं आणि फोन ठेवला.

मला माहीत आहे, मी आत्ता हे जे लिहिलंय तोही अनुभवच आहे. वाचून कुणाचे डोळे भरतील, कुणी माझ्या मराठीचं कौतुक करील. करू दे. हा शेवटचा. माझे वडील काय करत होते, आई कुठे कामाला होती, घरात कोण शिकलं, हे यापुढे मी कुठल्याही माईकवर सांगणार नाही. ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्याने तक्त्यावर विचारावा. लेखीत वर असलेला मुलगा तोंडीत खाली कसा गेला, हे त्या परीक्षकांना विचारावं. त्यांच्या वडिलांनी काय केलं, त्यांच्या घरात कोण शिकलं, त्यांना पेन्सिलने रेघ मारायला कुणी शिकवलं, हे त्यांना विचारावं. त्यांचाही अनुभव असेलच काहीतरी.

येत्या सोमवारी मी पुन्हा त्या खिडकीवर जाणार आहे. त्याच्या पुढच्या सोमवारीही. नव्या गाइडची सही मिळाली तर प्रबंध चौथ्या प्रकरणासकट जाईल. नाही मिळाली तर तो तक्ता मी स्वतः छापीन आणि ज्या ज्या कॉलेजाने माझा अर्ज ठेवून घेतला त्या प्रत्येकाच्या फाटकावर उभी राहून वाटीन. चौथं प्रकरण निघणार नाही. नितीन पहिल्या पानावर आहे, तिसऱ्या ओळीत. तिथून त्याला खाली सरकवायला कुणी आलं, तर गाठ माझ्याशी आहे.